टेक्निकल रायटर, कन्टेन्ट डेव्हलपर की डॉक्युमेंटेशन इंजिनियर?

सॉफ्टवेअर कसं वापरायचं हे लिहून देणाऱ्याला या तीनपैकी एखादं पदनाम मिळतं. ऑफर लेटरवर सही करण्याआधीच पदनामाचा विषय काढा. एकदा सिस्टीमला नाव चढलं की एचआर सहसा त्याला हात लावत नाही.

डॉक्युमेंटेशन इंजिनियर हे वजनदार वाटतं आणि पगाराच्या बोलणीत त्याचा थोडा फायदा होत असावा. गिटमध्ये (कोडमधले बदल नोंदवणारी प्रणाली) मार्कडाउन (साध्या खुणांनी मजकूर मांडायची पद्धत) लिहून डॉक्सची, म्हणजे माहितीची, साइट स्वतः बिल्ड करत असाल, तर ते शोभेलही. नाहीतर मुलाखतीत कोडिंगची टेस्ट समोर येते. शिवाय गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीत औषध कंपन्या बऱ्याच, त्यामुळे इथे डॉक्युमेंटेशनवाला म्हणजे एसओपी (कामाच्या ठरलेल्या पद्धतीचे कागद) आणि बॅच रेकॉर्ड (औषधाच्या प्रत्येक खेपेची नोंद) सांभाळणारा, असा समज सहज होतो.

कन्टेन्ट डेव्हलपर मी नावापुढे लावलं होतं. मायक्रोसॉफ्टने हे पदनाम वापरलंय, आयबीएमकडे इन्फर्मेशन डेव्हलपर असायचे, तेव्हा त्यात कमीपणा काही नाही. पण गोव्यात कन्टेन्टवाल्याला पहिली हाक पर्यटनातून येते. कळंगुटच्या हॉटेलांचे फोन यायचे, रील्ससाठी कॅप्शन लिहाल का म्हणून. ते नम्रपणे टाळता येतात. ऑफिसातलं मात्र सोसवेना. पदनाम बघून मला मार्केटिंगच्या टीममध्ये टाकलं. डेव्हलपर्सच्या चॅनेलवर मी नाही, बग ट्राएजच्या (कोणता दोष आधी सोडवायचा हे ठरवण्याच्या) मीटिंगला बोलावणं नाही. एका रिलीजमध्ये एपीआयमधलं (दोन प्रोग्रॅमना एकमेकांशी जोडणाऱ्या दुव्यातलं) एक ऐच्छिक फील्ड सक्तीचं झालं. मला ते टेस्टरकडून चहा घेताना कळलं, तोवर रिलीज बाहेर पडलं होतं. गाइडमधलं उदाहरण कॉपी करून चालवलं की थेट ४०० चा एरर, म्हणजे पाठवलेली विनंतीच चुकीची! सपोर्टकडून तक्रार आली ती 'डॉक्स चुकीचे आहेत' अशी. बदल झालाय हेच लिहिणाऱ्याला कळलं नाही, तर तो लिहिणार काय? आणि हे पुन्हा पुन्हा व्हायचं.

आता पर्वरीत टेक्निकल रायटर म्हणून काम करतो. पहिल्या दिवसापासून बसायची जागा डेव्हलपर्समध्ये. पुल रिक्वेस्टवर (कोडमधला बदल मंजुरीला ठेवतात ती) रिव्ह्यूअर म्हणून माझं नाव असतं आणि एरर मेसेजची भाषा कोड मर्ज होण्याआधी, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळण्याआधी, माझ्याकडे येते. सगळं श्रेय पदनामाला देता येणार नाही, मॅनेजरही समजूतदार आहेत. पण माझं काम काय, हे कुणाला समजावत बसावं लागलं नाही.

'रायटर' म्हटल्यावर कुणी ईमेलचं इंग्रजी तपासायला आणून देतं, हा त्रास आहे. या पेशाची अमेरिकेतली जुनी संस्था, सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन, २०२५ च्या जानेवारीत बंद झाली, त्यामुळे हे नाव आता जुनं झालं असंही वाटू शकतं. तरी गूगल याच नावाने भरती करतं आणि अमेरिकेच्या सरकारी रोजगार आकडेवारीत हा पेशा याच नावाने मोजला जातो. जॉब साइटवरही आपल्या कामाच्या जागा मला याच शब्दाने जास्त सापडल्या.

स्क्रिप्टिंगची आवड असेल तर इंजिनियर घ्या, माझी हरकत नाही. बाकीच्यांनी टेक्निकल रायटर मागावं. कन्टेन्ट डेव्हलपरच गळ्यात पडलं, तर ट्राएजचं आमंत्रण आणि कोड ठेवलेल्या रिपॉझिटरीचा अ‍ॅक्सेस रुजू होण्याआधी ईमेलवर कबूल करून घ्या.