प्लोमारीचा ऊझो: आधी पाणी, मग बर्फ

ऊझो ही बडीशेपेसारख्या वासाची ग्रीक दारू. ग्रीसच्या लेसवॉस बेटावरच्या प्लोमारी गावात हा ऊझो १८९४ पासून काढला जातो. पुण्यात तो बहुतेक घरांत पोचतो कुणाच्या तरी परतीच्या सामानातून. ड्यूटी-फ्रीमधून माणशी दोन लिटर दारू आणता येते, त्यात ७०० मिलिलिटरची बाटली आरामात बसते.

अल्कोहोल ४० टक्के. बूच काढलं की बडीशेपेच्या जातकुळीतला वास येतो, पण मुखवासासारखा गोडमिट्ट नाही. कोरडा, ज्येष्ठमधाकडे झुकणारा. हा वास अ‍ॅनिसच्या बियांचा. नियमाप्रमाणे ऊझोतलं किमान २० टक्के अल्कोहोल अ‍ॅनिससोबत डिस्टिल झालेलं असलं की चालतं, बाकी साधं अल्कोहोल मिसळून भागतं. प्लोमारीवाले सगळंच डिस्टिल करतात आणि ते जिभेला कळतं. स्वस्त ऊझो घशाला टोचतो आणि तोंडात चिकट गोडवा ठेवून जातो. हा तसा नाही.

पण चांगली बाटलीही ओतण्यात बिघडते. उंच, अरुंद ग्लासात ५० मिलिलिटर ऊझो घ्या. त्यावर तेवढंच थंड पाणी हळूहळू ओता, माठातलंही चालेल. पाण्याची धार पडते तिथून पांढरे ढग उठतात आणि बघता बघता ग्लास ताकासारखा दिसू लागतो. अ‍ॅनिसमधलं अ‍ॅनेथोल हे तेल अल्कोहोलमध्ये विरघळतं, पाण्यात नाही. पाण्याने अल्कोहोलचं प्रमाण उतरलं की त्याचे अतिसूक्ष्म थेंब सुटतात, तोच हा पांढरेपणा. बर्फ सगळ्यात शेवटी, एखाददुसरा खडा. बर्फ आधी टाकला तर गारठ्याने अ‍ॅनेथोलचे कण धरतात, वर तवंग येतो आणि चव गढूळ लागते. बाटली फ्रीजरमध्ये ठेवली तरी हेच होतं. बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ दिली की स्फटिक पुन्हा विरघळतात.

एवढ्या पाण्याने अल्कोहोल २० टक्क्यांवर येतं. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये एकास दोन पाणी जास्त बरं, मग ते १३ टक्क्यांच्या आसपास राहतं.

शॉटसारखा एका घोटात रिचवणं हा या पेयावर अन्याय आहे. ग्रीसमध्ये २०० मिलिलिटरची छोटी सुरई टेबलावर येते, सोबत मेझेच्या, म्हणजे दारूबरोबरच्या चटकमटक खाण्याच्या, लहान लहान बश्या, आणि तासन्‌तास घोट-घोट चालतो. रिकाम्या पोटी ऊझो नाहीच. लेसवॉसच्या कालोनी आखातातली सार्डिन मासळी मिठात मुरवून त्याच दिवशी कच्चीच खातात. सार्डिन म्हणजे आपली तारली. मात्र किनाऱ्यापासून प्रवास करून गणेश पेठेच्या बाजारात आलेली तारली कच्ची खाऊ नका. मीठ, लिंबू लावून रव्यात कुरकुरीत तळा. तिचं तेल आणि ऊझोचा कोरडेपणा छान जुळतो. काकडी, ऑलिव्ह, फेटा चीज हेही उत्तम. लाल तिखटाचं झणझणीत कालवण मात्र नको, त्यात अ‍ॅनिसचा पत्ताच लागत नाही.

रेत्सिनाशी याची गल्लत होते. ती पाइनच्या राळेचा वास असलेली वाइन, थंडच प्यायची. त्सिपुरो ही दुसरी ग्रीक दारू द्राक्षांच्या चोथ्यापासून काढतात, त्यात अ‍ॅनिस असतंच असं नाही. अ‍ॅनिस न आवडणाऱ्यांनी बिनअ‍ॅनिसचा त्सिपुरो मागवावा.

उघडलेली बाटली उभी, बूच घट्ट लावून, गॅसच्या ओट्यापासून आणि उन्हाच्या खिडकीपासून लांब कपाटात ठेवा. फ्रीजची गरज नाही.