गाडी विकली गेली, नाव मात्र मामांचेच राहिले

जुनी गाडी खासगीरीत्या विकताना फसवणूक म्हटली की बहुतेकांना आधी पैसे बुडण्याची भीती वाटते. माझ्या मामांचे पैसे बुडाले हे खरेच, पण त्यांना खरा घोर लागला तो वेगळ्याच गोष्टीचा. गाडी दारातून गेल्यानंतरही परिवहन खात्याच्या नोंदीत मालक म्हणून त्यांचेच नाव राहिले, आणि ती गाडी कोण, कुठे, कशी चालवतो आहे याचा जाब त्यांना विचारला जाऊ लागला. मामांच्या संमतीनेच हे लिहीत आहे. ज्या पद्धतीने त्यांना गंडवले गेले, ती जुन्या गाड्यांच्या बाजारात सर्रास चालते आणि बाहेरून पाहणाऱ्याला ती व्यवहाराची नेहमीचीच रीत वाटते, म्हणून ती तपशिलाने सांगणे मला आवश्यक वाटते.

मामा सांगलीचे, माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेले. त्यांची २०१३ सालची, एमएच १० पासिंगची, पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी पहिल्यापासून एकाच हातात होती. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर गाडी चालवणे थांबले, तेव्हा ती विकायचे ठरले आणि मोबाइलवर जाहिरात दिली गेली. त्याच संध्याकाळपासून फोन सुरू झाले. बहुतेक दलालांचे होते आणि तसे ते स्पष्ट सांगतही होते. एक गृहस्थ मात्र पत्नीला आणि लहान मुलीला घेऊन घरी आले, मामींच्या हातचा चहा घेतला आणि म्हणाले, "सर, घरच्यासाठीच घेतोय. तुमच्यासारख्या माणसाच्या हातची गाडी म्हणजे बघायला नको."

आमच्याकडे स्वतःसाठी गाडी घेणारा माणूस ओळखीचा मिस्त्री बरोबर आणतो, बॉनेट उघडून घेतो, टायर किती झिजलेत ते पाहतो आणि मग भावाला बसतो. या गृहस्थांनी इंजिनाकडे फारसे पाहिले नाही. आरसी बुक, विम्याची पॉलिसी, पीयूसी, दुसरी किल्ली आणि कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद मात्र त्यांनी बारकाईने तपासली. गाडीपेक्षा कागदांत जास्त रस असलेला गिऱ्हाईक बहुधा ती पुढे विकणारा असतो. दलाली हा काही गुन्हा नाही, पण जो दलाल आपण दलाल असल्याचे लपवतो, त्याच्या त्या लपवण्याला काहीतरी कारण असते.

सौदा दोन लाख ऐंशी हजारांना ठरला. वीस हजार रुपये विसार म्हणून लगेच यूपीआयने आले. गाडी नेण्यासाठी त्यांनी चौथ्या शनिवारची दुपार निवडली, म्हणजे बँका बंद. त्या दिवशी एक लाख साठ हजार मामांच्या खात्यात जमा झाले, आणि उरलेल्या एक लाखाचा धनादेश देऊन सांगण्यात आले की कर्ज मंजूर झालेले आहे, रक्कम सोमवारी येईल, मंगळवारी चेक टाका. मोठी रक्कम खरोखरच जमा झालेली असल्यामुळे शंकेला जागा उरली नाही. या पद्धतीचे वर्मच हे आहे. सगळे पैसे बुडवणारा लगेच ओळखू येतो, पण दोन तृतीयांश देऊन एक तृतीयांश बुडवणाऱ्यावर विश्वास बसतो.

सह्या गाडीच्या बॉनेटवरच झाल्या. कागद बाजारात ज्याला टीटीओ फॉर्म म्हणतात तेच, म्हणजे मालकी हस्तांतराची सूचना देणारा फॉर्म २९ आणि हस्तांतराच्या अर्जाचा फॉर्म ३०. कागदांची चळत गृहस्थांनी हातात धरली होती, खालचा कोपरा उचलून ते फक्त सहीची जागा पुढे करत होते आणि सही झाली की अंगठ्याने पुढचे पान सरकवत होते. घेणाऱ्याचे नाव, पत्ता, तारीख, किंमत या सगळ्या जागा कोऱ्या होत्या. मामांनी विचारले तेव्हा उत्तर तयार होते, "हाताने भरलं की खाडाखोड होते, सर. आमचा आरटीओतला माणूस सगळं टाइप करून भरतो. आठ दिवसांत नावावर होते." याला बाजारात ओपन डिलिव्हरी म्हणतात. विकणाऱ्याची सही घ्यायची, घेणाऱ्याची जागा कोरी ठेवायची आणि खरा गिऱ्हाईक मिळेपर्यंत ते कागद आपल्या ताब्यात बाळगायचे. गाडी मध्ये कितीही हात फिरो, सरकारदरबारी ती पहिल्याच मालकाची राहते, दलालाचे नाव कुठेही लागत नाही आणि त्याचा हस्तांतराचा खर्चही वाचतो.

चेक "खाते बंद" असा शेरा पडून परत आला. फोनवर सुरुवातीला दिलगिरी, मग नव्या तारखा, मग मौन. नाव बदलण्याबाबत विचारले की एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबर प्लेटची सबब पुढे यायची. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना ती पाटी बसवणे राज्यात बंधनकारक झालेले असल्यामुळे ही सबब खरीही वाटायची. दरम्यान मामांच्या मोबाइलवर ई-चलानचे संदेश येऊ लागले, कधी वेग मर्यादा ओलांडल्याचे, कधी सीटबेल्ट नसल्याचे, आणि फास्टॅगमधून त्यांचेच पैसे टोलनाक्यांवर कापले जाऊ लागले. पुढे शेजारच्या जिल्ह्यातील एका पोलीस ठाण्यातून फोन आला. त्या गाडीने एका दुचाकीला धक्का दिला होता आणि गाडीचा विमा तोपर्यंत संपलेला होता. दुचाकीस्वाराला किरकोळ लागले होते, एवढ्यावर निभावले. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात सिग्नल तोडला नाही, त्याला फोनवर "तुमची गाडी" असे दरडावून विचारले जाणे किती जिव्हारी लागते, ते मी जवळून पाहिले आहे.

"गाडी तर मी विकली आहे" हे उत्तर अशा वेळी का पुरत नाही, ते सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले आहे. त्या प्रकरणातही गाडी एकाकडून दुसऱ्याकडे अशी अनेक हातांतून गेली होती आणि अपघाताच्या वेळी ती भलत्याच्याच ताब्यात होती, तरीही नोंदणी ज्याच्या नावावर तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, असे ठरवून नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर टाकण्यात आली. अपघातग्रस्ताने हातोहात फिरलेल्या गाडीचा खरा ताबेदार शोधत बसावे, अशी अपेक्षा ठेवता येत नाही. मला हे तत्त्व न्याय्य वाटते. पण म्हणूनच विकणाऱ्याने सही करताना किती सावध असायला हवे, ते यातून उघड होते. विमा संपलेल्या त्या गाडीने कोणाला कायमचे जायबंदी केले असते, तर भरपाईचा दावा निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या मामांच्या दारात येऊन उभा राहिला असता.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार गाडी राज्यातल्या राज्यात विकली असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला हस्तांतराची माहिती द्यायची असते आणि तिची प्रत घेणाऱ्याला पाठवायची असते. घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचे असते. फॉर्म २९ आहे तो याचसाठी, आणि ही सूचना देणे हे विकणाऱ्याचे स्वतःचे काम आहे. "सगळं आम्ही बघतो" असे म्हणून घेणारा जेव्हा त्याच्या दोन्ही प्रती घेऊन जातो, तेव्हा आपल्या बचावाचा एकमेव कागद त्याच्या हातात जातो. म्हणून दोन्ही प्रती घेणाऱ्याच्या नावापत्त्यासह पूर्ण भराव्यात, आपल्या हाताने आरटीओत द्याव्यात आणि पोच घ्यावी. गाडी परराज्यात जाणार असेल तर फॉर्म २८ वरचे ना हरकत प्रमाणपत्रही लागते. परिवहन खात्याच्या पोर्टलवर अर्ज भरताना विक्रेत्याच्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो अर्जातले घेणाऱ्याचे नाव स्वतः वाचल्याशिवाय कोणालाही सांगू नये.

घेणारा व्यापारी असेल तर १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी विकणाऱ्याला भक्कम आधार दिला आहे. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला आता परिवहन खात्याचे अधिकारपत्र घ्यावे लागते. अशा अधिकृत व्यापाऱ्याकडे गाडी सोपवताना फॉर्म २९सी द्वारे पोर्टलवर कळवले की गाडी त्याच्याकडे असेपर्यंत तोच तिचा मालक मानला जातो आणि जबाबदारीही त्याचीच राहते. ही तरतूद फार मोलाची आहे आणि ती लोकांना माहीत नाही याचे मला मनापासून वाईट वाटते. व्यापाऱ्याकडे अधिकारपत्र नसेल किंवा फॉर्म २९सी भरायला तो टाळाटाळ करत असेल, तर त्याला गाडी देऊ नये, मग भाव कितीही चांगला असो.

मामांचे पैसे बुडाले ते धनादेशामुळे, पण पैशांच्या बाबतीत फसवण्याच्या आणखी वाटा आहेत. आमच्याच ओळखीतल्या एका घरी गाडीची पूर्ण रक्कम आली, पण ती घेणाऱ्याच्या खात्यातून न येता कोणा तिऱ्हाइताच्या खात्यातून आली होती. पुढे कळले की ती रक्कम भलत्याच राज्यातील एका सायबर गुन्ह्यातून फिरत आली होती, आणि पोलिसांच्या सूचनेवरून बँकेने विकणाऱ्याचे खाते गोठवले. ज्याच्या नावावर गाडी होणार, त्याच्याच खात्यातून पैसे आले पाहिजेत, हा आग्रह म्हणूनच सोडू नये. सैन्यात अधिकारी असल्याचे सांगून, बदलीची घाई दाखवून, गाडी न पाहताच पूर्ण पैसे द्यायला निघालेला आणि "हा क्यूआर कोड स्कॅन करा, पैसे तुमच्या खात्यात येतील" म्हणणारा माणूस तर हमखास ठग समजावा. यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट किंवा साध्या मोबाइल क्रमांकावरून आलेला संदेशही पुरावा नव्हे; आपल्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा पासबुकात जमा दिसली तरच पैसे आले. रोख घ्यायची वेळ आलीच तर आयकर कायद्यानुसार एका व्यवहारात दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारता येत नाही, आणि दंड त्या रकमेइतकाच होऊ शकतो, हेही लक्षात ठेवावे.

व्यवहार बँकेच्या कामकाजाच्या दिवशी आणि शक्यतो बँकेतच करावा. सुट्टीच्या दुपारी, संध्याकाळी उशिरा किंवा "मुहूर्त टळतोय" असे म्हणून जो ताबा मागतो, त्याला दुसऱ्या दिवशी बोलवावे. ताबा देताना डिलिव्हरी नोटवर तारखेबरोबर तासमिनिटे आणि किलोमीटरचा आकडा लिहून दोघांनी सह्या कराव्यात, घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत ठेवून घ्यावी, आणि आपल्या आधार व पॅनच्या प्रतींवर "अमुक क्रमांकाच्या गाडीच्या विक्रीसाठी" असे आडवे लिहून द्यावे. फास्टॅग त्याच दिवशी बंद करावा. विमा कंपनीलाही विक्रीची लेखी सूचना द्यावी. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत, हा गाडीचा नसून विमाधारकाचा असतो, त्याचे पत्र मागून घेतले तर पुढच्या गाडीच्या विम्यात सवलत मिळते.

मामांची गाडी सापडली ती ई-चलानच्या ठिकाणांवरून आणि फास्टॅगच्या नोंदींवरून. त्या दोन्हींत एकच टोलनाका आणि एकच तालुका वारंवार दिसत होता. तिथे चौकशी केल्यावर ज्याच्याकडे गाडी निघाली, तो किराणा दुकान चालवणारा साधा तरुण होता. त्याने दलालाला पूर्ण पैसे मोजले होते आणि "आधीचे मालक सह्या देत नाहीत" असे दलालाने त्याला सांगून ठेवले होते. दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांविषयी खोटे सांगून त्यांची गाठच पडू द्यायची नाही, यावर हा सगळा धंदा उभा असतो. त्या तरुणाने नव्याने विमा काढला, मामांनी नवीन पूर्ण भरलेल्या फॉर्मवर सह्या केल्या, त्याच्या ताब्यातील काळाचे दंड त्याने आणि दलालाकडच्या काळाचे दंड नाइलाजाने मामांनी भरले, आणि गाडी अखेर त्याच्या नावावर झाली.

चेक परत आल्याची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत वकिलामार्फत नोटीस पाठवली होती. नोटीस मिळाल्यावर पैसे देण्यासाठी असलेली १५ दिवसांची मुदत संपताच, पुढच्या एका महिन्याच्या आत परक्राम्य संलेख अधिनियमाच्या, म्हणजे धनादेशांनाही लागू असलेल्या कायद्याच्या, कलम १३८ खाली न्यायालयात तक्रार दाखल केली. फसवणुकीची फिर्याद भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली वेगळी नोंदवली आहे. या मुदती चुकल्या तर कलम १३८ खालची तक्रार टिकणे कठीण होते, म्हणून "देतो, देतो" म्हणणाऱ्याची वाट पाहत बसू नये. पैसे यूपीआय किंवा ऑनलाइन मार्गाने गेले असतील तर पहिल्या काही तासांतच सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करावा, कारण रक्कम पुढे सरकण्याआधी ती रोखता येण्याची शक्यता तेव्हाच अधिक असते. आणि ज्यांनी पूर्वी कधी कोऱ्या फॉर्मवर सही करून गाडी दिलेली आहे, त्यांनी परिवहन खात्याच्या पोर्टलवर आपला जुना गाडी क्रमांक टाकून नोंदीत अजून आपलेच नाव आहे का ते पाहावे. असल्यास ज्या दिवशी ते लक्षात येईल त्याच दिवशी आरटीओला आणि जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी अर्ज देऊन शिक्का मारलेली पोच घ्यावी.