निळा पिकार्ड आणि माझी फुकटची शिकवणी

माझ्या कपाटात निळ्या शर्टातला एक पिकार्ड उभा आहे. अठरा हजार पाचशे रुपयांचा. कंपनीने असे १७०१ काढले होते. माझा सतराशे दोनावा समजा.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' या अमेरिकी अंतराळ-मालिकेतल्या पात्रांच्या फिगर्स, म्हणजे छोट्या बाहुल्या, प्लेमेट्स कंपनीने १९९२ पासून बाजारात आणल्या, वीतभरापेक्षा लहान. १९९६ मध्ये त्यांनी 'टॅपेस्ट्री' या भागातला कॅप्टन पिकार्ड फक्त १७०१ नग काढला. आकडा मालिकेतल्या एंटरप्राइज यानाच्या नोंदणी क्रमांकावरून घेतलेला, एनसीसी-१७०१. बहुतेकांना तो दुकानात बघायलाही मिळाला नाही, आणि तिकडचे जमवणारे कंपनीवर चांगलेच उखडले. त्या भागात पिकार्डला तरुणपणी केलेला आततायीपणा पुसून टाकायची संधी मिळते. तो जपून वागतो, आणि कॅप्टनच्या लाल गणवेशाऐवजी निळ्या गणवेशातला दुय्यम अधिकारी होऊन बसतो. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. मला तोच पिकार्ड का हवा होता, ते फोडून सांगत नाही.

मी यात नवखा नाही, हे आधी सांगून ठेवतो. २०१९ च्या पुरात दोन खोकी चिखलात गेली तरी साठेक फिगर्स शिल्लक आहेत. पाठीवर कोरलेलं साल हे साच्याचं किंवा हक्काचं असतं, ती फिगर त्याच साली बनली असं नाही, हे मी चारचौघांना समजावलेलं आहे. चूक दिसली म्हणजे माल नकली, असंही नसतं. डॅपोल कंपनीने १९८८ च्या सुमाराला 'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेतला खलनायक डॅव्हरोस काढला, त्याला दोन हात दिले. मालिकेत त्याला एकच हात चालवता येतो. त्याच मालिकेतला के-नाइन हा यंत्रकुत्रा करड्याऐवजी हिरवा काढला. दोन्ही अस्सल माल. असलं सगळं मला पाठ होतं, आणि त्याचाच घात झाला.

गेल्या श्रावणात एका ऑनलाइन जाहिरातीत फोटो दिसला. धुरकट, निम्मा कापलेला, पण शर्ट निळा. माणूस म्हणाला, साताऱ्याचा आहे. मामा बोटीवर नोकरीला होते, ते वारले, माळ्यावर पेटी सापडली. "दादा, मला यातलं काय कळत नाही. तुम्ही जाणकार दिसताय. काय बघायचं तेवढं सांगा, मी फोटो पाठवतो."

आणि मी सांगत बसलो! अर्धा तास टाइप केलं, वर दोन व्हॉइस मेसेज. तळव्यावर नंबर असतो. साध्या पिकार्डचे नंबर हजारोंत जातात, हा १७०१ च्या आत पाहिजे. कॉलरपाशी रंगाची कड कशी असते, सांध्यात रंग उतरलेला दिसता कामा नये, हेसुद्धा सांगितलं. आमच्या दुकानात हळदीच्या पोत्यात हात घालण्याआधी मी शेतकऱ्याला कधी सांगत नाही की मी काय बघणार आहे. इथे मात्र गुरुजी झालो.

नऊ दिवस काही नाही. मग फोटो आले, एकदम स्वच्छ. तळवा, नंबर ६४२, कॉलर, कोपर. आजचा पेपर शेजारी ठेवून फोटो मागितला, तोही मिळाला. पण पेपरवरून एवढंच कळतं की वस्तू त्याच्या हातात आहे. ती कसली आहे हे कुठं कळतं? पहिल्या फोटोत नंबर का दिसत नव्हता आणि नऊ दिवस कशाला लागले, हे विचारायला पाहिजे होतं. विचारलं नाही. पैसे यूपीआयने मागितले तेव्हा स्क्रीनवर नाव भलतंच आलं. "मेव्हण्याचा नंबर आहे दादा, माझं खातं बंद आहे." तेही गिळलं.

पार्सल आलं. दोन दिवस मी खूश. बायको म्हणाली, "बाहुल्याला अठरा हजार? ह्यात पोराच्या क्लासची फी भरून झाली असती." मी नंबर दाखवला. तिने हातात घेऊन वास घेतला आणि विचारलं, "थिनरचा वास का येतोय ह्याला?"

सराफ कट्ट्यावर ओळखीचे एक काका आहेत. त्यांनी आयग्लास डोळ्याला लावली, फिगर दिव्याखाली धरून तिचा हात वर केला, आणि खांद्याच्या सांध्यात टोकदार चिमटा हलकेच फिरवला. निळी पापडी निघाली. खाली लाल. "दादा, ह्यो तर मुलामा हाय की," काका म्हणाले. मग तळवा. नंबरभोवतीचा भाग निस्तेज होता, बाकीच्या तळव्याची चकाकी तिथे नव्हती. आधीचा नंबर पुसून नवा उठवलेला. साधा लाल पिकार्ड घेऊन, नऊ दिवसांत, माझ्या यादीबरहुकूम रंगवला होता. कॉलरची कड मात्र अप्रतिम केली होती, हे कबूल करतो. मी नीटच समजावलं असणार.

ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० हा मदत क्रमांक आहे, तिथे फोन केला, पण पैसे देऊन अकरावा दिवस होता. त्याच दिवशी केला असता तर खातं गोठवायला काही वाव असता. पोलीस ठाण्यातल्या हवालदारांनी तक्रार सविस्तर लिहून घेतली. एका जागी थांबून विचारलं, "वस्तू काय लिहू? खेळणं की मूर्ती?" मी खेळणं म्हणालो.

आता घेणाऱ्यांसाठी. समोरचा "मला काही कळत नाही" म्हणाला, तर तुम्हीही गप्प बसा. सगळ्या बाजूंचे फोटो मागा, कारण सांगू नका, आणि त्याच दिवशी मागा. व्हिडिओ कॉलवर हात-पाय फिरवून दाखवायला सांगा, रंगाखालचा रंग सांध्यातच दिसतो. नंबर मिळाला की आधी इतर जमवणाऱ्यांना विचारा. मी उशिरा विचारलं. कोल्हापूरच्या एकाने त्याच्याकडच्या निळ्या पिकार्डचा तळवा पाठवला. नंबर ६४२.

त्यानेच गेल्या आठवड्यात एक नवी जाहिरात पाठवली. विकणारा दुसऱ्या नावाचा, पिकार्ड तसाच निळा. खाली खऱ्या-खोट्याची ओळख म्हणून चार ओळी दिल्या होत्या. पहिली ओळ होती, 'तळव्यवरचा नंबर आधी बघा, अंगठ्याने झाकू नका.'

'तळव्या'चा काना घाईत माझ्याकडूनच राहिला होता.