‘200 वॉट’चा बल्ब 10 अँपिअरच्या फ्यूजवर कसा चालतो?

गाडीचे लाइट बदलून देणारा दुकानदार उजेड नेहमी भिंतीवर दाखवतो, रस्त्यावर कधीच नाही. शटर अर्धं खाली ओढायचं, एका हेडलाइटमध्ये गिऱ्हाइकाचा जुना हॅलोजन ठेवायचा, दुसऱ्यात आपला एलईडी खोचायचा. समोर हातभर अंतरावर भिंत. एकीकडे पिवळट डाग, दुसरीकडे लख्ख पांढरं. सौदा तिथेच होतो. नागपुरात या भिंतीपुढे माझे 8,500 रुपये गेले. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण हा प्रयोग एकाच दुकानात चालतो असं नाही.

माझी सासुरवाडी भिवापूरची. उमरेड रस्त्याने रात्री परत येणं नेहमीचं. थंडीत पहाटे निघालो तर धुकं, आणि कोणत्याही ऋतूत रोही (नीलगाय) किंवा रानडुक्कर आडवं येण्याची धास्ती. माझी हॅचबॅक जुनी, तिच्या हेडलाइटमध्ये एच-फोर जातीचा साधा हॅलोजन बल्ब. उजेड कमी पडत होता हे खरंच. दुकानात गेल्या गेल्या मी एकच अट घातली होती : समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जाता कामा नये. त्यावर उत्तर तयारच होतं.

“काही टेन्शन नका घेऊ भाऊ. कट-ऑफवाला माल आहे, समोरच्याले काहीच होत नाही. आरटीओ अप्रूव्हड.”

खोक्यावर 200 वॉट, 20,000 ल्युमेन (उजेडाचं माप), 6500 केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप) असं छापलेलं. हे आकडे प्रत्येक बल्बचे, असं त्याने वरून सांगितलं. सोबत बंपरमध्ये बसवायचे फॉग लाइट, वायरिंग आणि मजुरी. बिल म्हणून मिळाली एक पिवळी चिठ्ठी, त्यावर ‘लाइट सेट’ आणि रक्कम. ना जीएसटी क्रमांक, ना दुकानाचा शिक्का. गॅरंटी कार्ड वेगळं होतं. त्यात तारीख भरली, दुकानाच्या नावाची जागा कोरीच ठेवली.

रस्त्यावर काय झालं ते थोडक्यात सांगतो. पाचगावच्या पुढे अंधार सुरू झाला आणि समोरून येणारा जवळपास प्रत्येक ट्रक डिप्पर मारायला लागला. मी लो-बीमवरच होतो. एकाने तर पार जवळ येईपर्यंत हाय-बीम सोडलाच नाही, मुद्दाम. गंमत म्हणजे मला स्वतःलाही लांबचं कमीच दिसत होतं. बॉनेटच्या पुढचा डांबराचा पट्टा दिवसासारखा पांढरा आणि त्याच्या पलीकडे काळोख. जवळचा रस्ता असा भगभगीत उजळला की डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचं आणखीच बुडतं. रोही काही बॉनेटपुढे येऊन उभा राहत नाही, तो लांबूनच दिसावा लागतो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकान गाठलं. “नवीन आहे ना भाऊ, डोळ्याले सवय व्हायची आहे,” म्हणाला. सवय माझ्या डोळ्यांना एक वेळ होईल, समोरच्या ट्रकवाल्याच्या डोळ्यांना ती कशी व्हायची?

खरा उलगडा केला ओळखीच्या एका वयस्कर ऑटो-इलेक्ट्रिशियन काकांनी. त्यांनी आधी बॉनेट उघडून फ्यूजचा डबा दाखवला. हेडलाइटचा फ्यूज प्रत्येक बाजूला 10 अँपिअरचा. “200 वॉट भागिले 12 व्होल्ट करा,” म्हणाले. जवळपास 17 अँपिअर होतात. एवढा करंट एका बल्बने ओढला असता तर तो फ्यूज कधीच उडाला असता. फ्यूज मात्र शाबूत. मग त्यांनी वायरला क्लॅम्प मीटर लावला. एकेक बल्ब जेमतेम अडीच अँपिअर घेत होता, म्हणजे तीस-पस्तीस वॉट. एलईडी कमी वॉट घेतो यात वावगं काहीच नाही, चांगलाही कमीच घेतो. खोक्यावरचा आकडा मात्र खोटा होता, आणि ल्युमेनचा त्याहून खोटा. चांगल्या हॅलोजनचा लो-बीम साधारण 1000 ल्युमेन देतो. तीस-पस्तीस वॉटमधून त्याच्या वीसपट उजेड काढणारा एलईडी अजून निघायचा आहे.

पण आकड्यांपेक्षाही मोठी लबाडी बल्बच्या आत होती. काकांनी एक जुना एच-फोर हातात दिला. काचेच्या नळीत दोन तारा असतात. लो-बीमच्या तारेखाली चमच्याच्या टोकाएवढी एक धातूची वाटी असते. त्या वाटीमुळे उजेड परावर्तकाच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून खाली, रस्त्यावर येतो. समोरच्याच्या डोळ्यांना वाचवणारा कट-ऑफ तो हाच, खोक्यावर छापून येणारी ही गोष्ट नव्हे. आणि अख्खा परावर्तक त्या तारेची जागा धरून घडवलेला असतो. तार मिलिमीटरभर सरकली तरी सगळं बिघडतं. माझ्या एलईडीवर वाटीच्या नावाखाली नुसती पत्र्याची एक पट्टी होती. उजेड देणाऱ्या चिप पुढे सरकलेल्या. भर म्हणून बल्ब फिरवून बसवला होता. या बल्बच्या चिप डावी-उजवीकडे तोंड करून असायला हव्यात, माझ्या वर-खाली होत्या. बल्ब धरून ठेवणारी कॉलर सैल, हाताने हलत होती.

मागच्या बाजूला बघितलं तर हेडलाइटचं रबरी झाकण कात्रीने कापलेलं. एलईडीच्या बुडाशी पंखा असतो, तो आत मावेना, म्हणून सरळ भोक पाडलं. पावसाळ्यात त्याच भोकातून दमट हवा आणि पाणी आत जातं, काचेवर आतून बाष्प धरतं आणि परावर्तकाचा चकचकीत थर उडतो. बल्ब बदलता येतो, परावर्तक गेला तर अख्खा हेडलाइटच घ्यावा लागतो.

फॉग लाइटची कथा तर आणखी सरस. फॉग लाइट बंपरमध्ये खाली असतो तो त्याचा झोत जमिनीलगत, रुंद आणि आडवा जावा म्हणून. धुक्यातले पाण्याचे कण उजेड आपल्याच डोळ्यांवर परत फेकतात. झोत वर उठला की समोर पांढरा पडदा उभा राहतो. धुक्यात हाय-बीम लावू नये ते याच कारणाने. माझे फॉग लाइट आकाशाकडे तोंड करून बसवले होते. रंगही निळसर पांढरा. त्याची वायर हेडलाइटलाच जोडलेली, वेगळं बटण नाहीच. म्हणजे कोरड्या, स्वच्छ रात्री शंकरनगरातून जातानाही ते जळणारच. काकांनी कपाळाला हात लावला. पिवळा उजेड धुकं भेदून जातो हा समज फारसा खरा नाही, पण निळसर पांढऱ्यापेक्षा तो डोळ्यांना कमी टोचतो एवढं नक्की.

‘आरटीओ अप्रूव्हड’ म्हणजे काय, याचीही चौकशी केली. आरटीओ बल्ब मंजूर करत बसत नाही. वाहनांच्या आणि सुट्या भागांच्या चाचण्या पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था करतात. खोक्यावर वर्तुळात इंग्रजी ई आणि एक आकडा होता, तो बघून कुणीही निश्चिंत होईल. पण तशी खूण संयुक्त राष्ट्रांच्या वाहनांविषयीच्या निरनिराळ्या नियमांखाली मिळते. स्वस्त एलईडीवर ती बहुधा रेडिओत खरखर आणत नाही एवढ्यापुरती असते, झोताशी तिचा संबंध नसतो. तो नियम क्रमांक 10. साध्या फिलामेंट बल्बचा नियम 37. खुणेच्या शेजारचे बारीक आकडे वाचा. आणि नुसतं ‘सीई’ छापलेलं असेल तर प्रकाशाच्या बाबतीत त्याला शून्य किंमत द्या.

रस्त्यावर मात्र कायदा तुम्हाला धरतो. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 106 सांगतो की दिव्याचा झोत कायम खाली वळलेला हवा. दिव्यापासून 8 मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील, तो दिपता कामा नये. म्हणजे नेमका समोरून येणारा गाडीवाला. शिवाय 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182अ खाली, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘अप्रूव्हड’ म्हणणारा त्या वेळी पोलिसांपुढे उभा राहत नाही.

पैसे परत मागायला गेलो तेव्हा उत्तर मिळालं : वायर कापली आहे, कंपनी वॉरंटी देत नाही. वायर कापली कुणी? त्याच दुकानातल्या पोराने, माझ्यादेखत. जुने बल्ब परत मागितले तर एका पुडीत दोन काळे पडलेले बल्ब हातावर ठेवले, तेही माझे नव्हते. माझे नवेच होते. पिवळ्या चिठ्ठीचा अर्थ तेव्हा कळला. पैसे यूपीआयने दिले होते, एवढाच काय तो पुरावा.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, फोन करून तक्रार नोंदवली. दुकानदाराला मी तक्रार क्रमांक, यूपीआयची नोंद आणि कापलेल्या झाकणाचे फोटो पाठवले आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाणार असल्याचं कळवलं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे तक्रारीची फी लागत नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते, हेही लिहिलं. मग त्याचा सूर उतरला. आधी ‘दुसरा सेट घेऊन जा’, मग ‘अर्धे घ्या’. बल्बचे पैसे मिळाले. फॉग लाइटचे आणि मजुरीचे नाहीत.

उजेड शेवटी वाढला तो कसा, तेही सांगतो. काकांनी होल्डरवरचे व्होल्ट मोजले, तर बॅटरीपेक्षा एक व्होल्टहून जास्त कमी भरले. हॅलोजनला एक व्होल्ट कमी पडला की उजेड जवळपास पाव हिश्श्याने उतरतो. त्यांनी रिले (बॅटरीतून थेट करंट सोडणारा स्विच) घालून जाड वायर टाकली, अर्थिंगचा गंजलेला बोल्ट घासला, पिवळी पडलेली काच पॉलिश केली आणि कंपनीच्याच 60/55 वॉटचे (हाय-बीम/लो-बीम) नवे बल्ब बसवले. 100/90 वॉटचे बसवू का, असं मी विचारलं. “होल्डर वितळून हातात येईल,” म्हणाले. सगळं मिळून दुकानाच्या बिलाच्या निम्म्याहूनही कमी खर्च आला.

मग रात्री सपाट जागा शोधून भिंतीपासून 10 मीटरवर गाडी लावली. टायरमध्ये नेमकी हवा, ड्रायव्हरच्या सीटवर मी. हेडलाइटच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखली. लो-बीमची वरची कड त्या रेघेच्या 10 सेंटीमीटर खाली आणली. आपण डावीकडून चालतो, म्हणून ती कड डावीकडे थोडी वर चढते आणि उजवीकडे सपाट राहते. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त प्रोजेक्टर हेडलाइटमध्ये ती अनेकदा उलटी, उजवीकडे चढलेली असते. ते उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठी केलेले असतात, आपल्याकडे ते थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. स्टिअरिंगजवळ झोत वर-खाली करणारं 0 ते 3 आकड्यांचं चाक असेल तर ते वापरा. मागे तिघं आणि डिक्कीत भिवापुरी मिरचीचं पोतं असेल तर गाडीचं नाक वर होतं, तेव्हा आकडा वाढवायचा.

फॉग लाइट काढून ठेवलेत. मेव्हणा म्हणतो ऑनलाइन विकून टाका, हजार तरी येतील. विकले तर ते पुन्हा कुणाच्या तरी बंपरवर चढतील आणि उमरेड रोडवर मलाच भेटतील, म्हणून भंगारवाल्याला द्यायचे ठरवलेत. त्याआधी दोन्हींच्या काचा फोडणार आहे.