जॅझ सोलोसाठी काय घोटावं: स्केल, पेंटाटॉनिक की ट्रायडची जोडी?

भजनात हार्मोनियम, लग्नसराईत कीबोर्ड, मिरवणुकीत सॅक्सोफोन किंवा क्लॅरोनेट वाजवणारे सांगली-मिरजेत भरपूर आहेत. त्यातल्या अनेकांची रागाची तालीमही बऱ्यापैकी झालेली असते. यांच्यापैकी कोणी जॅझकडे वळला की प्रश्न ठरलेला असतो: रोज जेमतेम तासभर मिळतो, तर त्या तासात नेमकं काय घोटायचं? एक जण सांगतो प्रत्येक कॉर्डचं (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटाचं) स्केल पाठ कर, दुसरा म्हणतो पाच स्वरांचं पेंटाटॉनिक पुरे, तिसरा ट्रायडच्या जोड्यांचं नाव घेतो. तिन्ही रस्ते खरे आहेत, पण एका तासात तिन्ही होत नाहीत.

माझं मत आधीच सांगतो. हात रागावर तयार असेल आणि साध्या कॉर्डचे स्वर न शोधता सापडत असतील, तर ट्रायडची जोडी घ्या. ज्यांनी ती घेऊ नये असेही लोक आहेत, त्यांच्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

जोडी म्हणजे नेमकं काय

ट्रायड म्हणजे तीन स्वरांची साधी कॉर्ड. एकही स्वर सामाईक नसलेल्या अशा दोन ट्रायड घ्यायच्या आणि सोलोमध्ये त्यांचे स्वर सुटे करून आलटून पालटून वाजवायचे. उदाहरणार्थ एफ मेजर (एफ, ए, सी) आणि जी मेजर (जी, बी, डी), म्हणजे पेटीवरच्या पांढरी चार आणि पांढरी पाचच्या ट्रायड. मागे डी मायनर सेव्हन वाजत असेल तर डी हा सा धरा. पहिल्या ट्रायडमध्ये कोमल गंधार, पंचम आणि कोमल निषाद येतात. दुसरीत मध्यम, शुद्ध धैवत आणि षड्ज. सहा स्वर झाले, रिषभ वर्ज्य. आपल्या हिशेबात बोलायचं तर स्केल संपूर्ण (सात स्वर), पेंटाटॉनिक औडव (पाच) आणि जोडी षाडव (सहा).

स्केलचा रस्ता

अमेरिकन जॅझ संगीतकार जॉर्ज रसेल यांनी १९५३ मध्ये लिडियन स्केलवर (तीव्र मध्यमाच्या मेजर स्केलवर) आधारलेली आपली मांडणी प्रसिद्ध केली. पुढे कॉर्ड आणि स्केल यांचं नातं हा जॅझ शिकवण्याचा एक मोठा पाया झाला. डी मायनर सेव्हनला डोरियन, जी सेव्हनला मिक्सोलिडियन, सी मेजर सेव्हनला आयोनियन. थाट माहीत असलेल्या माणसाला हे अर्ध्या तासात कळतं, कारण स्वर अनुक्रमे काफी, खमाज आणि बिलावलचेच आहेत.

आणि तिथेच गोची होते. या तिन्ही स्केलमध्ये त्याच सात पांढऱ्या पट्ट्या आहेत. रागावर घोटलेला हात सात स्वर दिसले की तान घेतो. ऐकायला ती गोड लागते, पण मागची कॉर्ड बदलली हे त्या ओळीतून अजिबात कळत नाही. एक चाचणी करून बघा. बॅकिंग ट्रॅक (फक्त साथीचं रेकॉर्डिंग) हेडफोनवर लावा आणि मोबाइलवर फक्त आपलं वाजवणं रेकॉर्ड करा. दुसऱ्या दिवशी ते ऐकताना कॉर्ड कुठे बदलल्या हे सांगता आलं नाही, तर आणखी स्केल पाठ करून तुमचं काम होणार नाही.

स्केल टाकून द्या असं मी म्हणत नाही. जोडीतून कोणता स्वर गळाला हे ओळखायला सातही स्वर माहीत हवेत. पण त्यासाठी रोजचा तास खर्च करायची गरज नाही. रागाची तालीम झालेल्याला ते आधीच येत असतं.

पेंटाटॉनिक

हा रस्ता बोटांना सगळ्यात सोपा आहे, विशेषतः फुंकून वाजवायच्या वाद्यांवर. एक आकार बसला की तो फक्त सरकवायचा. सी मेजर सेव्हनवर जीपासूनचा भूप वाजवा: जी, ए, बी, डी, ई. सीच्या हिशेबाने ते पंचम, धैवत, निषाद, रिषभ आणि गंधार होतात. षड्ज नसूनही कॉर्ड छान उघडते. डी मायनर सेव्हनवर डीपासून धानीचे स्वर घ्या, मग तेच ए आणि ईपासून घेऊन बघा. प्रत्येक वेळी रंग बदलतो आणि चुकीचा स्वर लागत नाही. साठच्या दशकात सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनबरोबर वाजवणारे मॅकॉय टायनर यांच्या पियानोत पेंटाटॉनिकची ताकद ऐकायला मिळते. ब्लूज आणि फंकसाठी मीही आधी हेच सुचवतो.

आपल्या कानाची अडचण मात्र वेगळी आहे. पाच स्वर लागले की राग उभा राहतो. ‘प ध सां, ध प ग रे’ असं वाजलं की पुढचं वाक्य हात स्वतःच भूपात पूर्ण करतो. जॅझच्या वादकाला पेंटाटॉनिक हा रंग असतो. आपल्याला तो लहानपणापासून ओळखीचा चेहरा असतो. ही ओढ मोडायला जो वेळ जातो, तेवढ्यात जोडी हातात बसते.

जोडी हातात घेतल्यावर

पाठांतर किती, हे आधी बघू. बारा मेजर ट्रायड, प्रत्येकीची तीन रूपं, म्हणजे छत्तीस आकार. कीबोर्ड किंवा गिटार वाजवणाऱ्याला यातले बहुतेक येतच असतात. नवीन काम फक्त त्यांना जोडण्याचं.

डी मायनर सेव्हन चालू ठेवून असं चढा: एफ-ए-सी, जी-बी-डी, मग ए-सी-एफ, बी-डी-जी, मग सी-एफ-ए, डी-जी-बी. तसंच उतरा. पहिल्यांदा हे व्यायामासारखंच वाजेल. गंमत लयीत आहे. चार मात्रांच्या बारमध्ये (म्हणजे एका आवर्तनात) मात्रेला दोन धरून आठ स्वर बसतात आणि ट्रायडचे गट तीन-तीनचे पडतात, त्यामुळे वजन दर वेळी वेगळ्या जागी येतं आणि आठ गटांनंतर, म्हणजे तीन बार संपल्यावर, पुन्हा समेशी जुळतं. तिहाईचा अंदाज असलेल्या माणसाला हे मोजावं लागत नाही, आतून कळतं. हे आकडे डोक्यात बसवायला इतरांना वेळ लागतो, आपल्याला ती शिदोरी तबलजीबरोबर बसून आधीच मिळालेली असते.

दुसरा फायदा सरगमचा. इंग्रजी अक्षरांत जोड्या पाठ केल्या तर बारा पट्ट्यांचे बारा तक्ते होतात. सा बदलायची सवय असलेल्याला तीन वाक्यं पुरतात. मायनर कॉर्डवर कोमल गंधार आणि मध्यम यांच्या मेजर ट्रायड. मेजर कॉर्डवर सा आणि रे यांच्या मेजर ट्रायड, किंवा तीव्र मध्यम नको असेल तर पंचमाची मेजर आणि धैवताची मायनर. ताणलेल्या डॉमिनंटवर, म्हणजे जी सेव्हनसारख्या कॉर्डचे काही स्वर अर्ध्या स्वराने हलवून केलेल्या अल्टर्ड कॉर्डवर, तीव्र मध्यम आणि कोमल धैवत यांच्या मेजर ट्रायड. सा मात्र प्रत्येक वेळी त्या कॉर्डच्या मुळाचा धरायचा.

आता हेच टू-फाइव्ह-वनमध्ये, म्हणजे पट्टीच्या रे, प आणि सा यांवरच्या लागोपाठ येणाऱ्या तीन कॉर्डमध्ये बघा, कारण या पद्धतीची खरी चमक तिथे दिसते. डी मायनर सेव्हनवर एफ आणि जी. जी सेव्हन अल्टर्डवर डी फ्लॅट आणि ई फ्लॅट, म्हणजे काळी एक आणि काळी दोन. सी मेजर सेव्हनवर सी आणि डी, म्हणजे पांढरी एक आणि पांढरी दोन. डी फ्लॅट, एफ, ए फ्लॅट हे तिन्ही स्वर एकेक पट्टी उतरले की सी, ई, जी मिळतात. ई फ्लॅट, जी, बी फ्लॅट उतरले की डी, एफ शार्प, ए. ताण तयार होतो आणि सहाच्या सहा स्वर अर्ध्या स्वराने खाली येऊन सुटतात. हे सावकाश वाजवून बघा. स्केलच्या तानेत जी सेव्हन कुठे आली आणि कुठे गेली हे कळत नव्हतं, ते इथे कीबोर्ड न वाजवणाऱ्या श्रोत्यालाही कळतं. शेवटी जो तीव्र मध्यम मिळतो, त्याच्याशी यमन ऐकलेल्या कानाचं कधीच भांडण नसतं.

सरावासाठी माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बममधली ‘सो व्हॉट’ घ्या. बत्तीस बारांत सोळा बार डी डोरियन, आठ बार ई फ्लॅट डोरियन, पुन्हा आठ बार डी. म्हणजे पांढरी चार-पाचची जोडी मधल्या आठ बारांत काळी तीन-चारवर सरकते. विचार करायला पुरेसा वेळ मिळतो. ‘आयरियल प्रो’सारख्या अॅपवर लय कमी करून वाजवता येतं.

जोडी कुठे अडते

पहिली गोष्ट, तिला जागा लागते. एक कॉर्ड निदान एक-दोन बार टिकली तर दोन ट्रायड फिरवता येतात. कोल्ट्रेनच्या ‘जायंट स्टेप्स’मध्ये बराच काळ दर दोन मात्रांना कॉर्ड बदलते, तिथे कॉर्डचे स्वतःचे स्वर आणि त्यांना वेढणारे जवळचे स्वर, हा बीबॉपचा मार्गच कामाला येतो. तुम्हाला चाळीसच्या दशकातल्या बीबॉपच्या, सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करच्या वळणाचं वाजवायचं असेल तर जोडी बाजूला ठेवा आणि ऐकून-ऐकून सोलो उतरवून काढा. त्याला पर्याय नाही.

दुसरी गोष्ट, गळालेला स्वर कधी कधी महत्त्वाचा असतो. वरच्या अल्टर्ड जोडीत बी नाही, म्हणजे जी सेव्हनचा गंधारच नाही. मागे बेस आणि कॉर्ड वाजत असतील तर काही बिघडत नाही, एकट्याने वाजवलंत तर ऐकणाऱ्याला ती जी सेव्हन वाटणारच नाही. हार्मोनियमवाल्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं. एक हात भात्यावर असतो, त्यामुळे खाली कॉर्ड धरून वर सोलो घेता येत नाही. मित्राला कीबोर्डवर बसवा, नाहीतर बॅकिंग ट्रॅक लावा.

तसंच एफ-जीची जोडी सी मेजर सेव्हनवर विसावत नाही. तिच्यात ई नाही आणि एफ सारखा येऊन ई-ला टोचतो. स्केल एकच आहे म्हणून कुठलीही जोडी कुठेही चालेल असं समजू नका.

तंबोऱ्याबद्दलही सांगायला हवं. मिरजेत वाढलेला कान जवारीवर पोसलेला असतो, आणि डीच्या तंबोऱ्यावर कीबोर्डच्या या ट्रायड वाजवल्या की काहीतरी खुपतं. ते खुपणं खरं आहे. तंबोऱ्याशी नेमक्या जुळणाऱ्या स्वरांच्या तुलनेत कीबोर्डचा कोमल गंधार सुमारे १६ सेंट (अर्ध्या स्वराचे शंभर सेंट) उतरलेला आणि शुद्ध धैवत तितकाच चढा असतो. याच गावांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कृष्णाजी बल्लाळ देवल अब्दुल करीम खाँसाहेबांना बरोबर घेऊन बावीस श्रुती मोजत होते, तेव्हा पेटीच्या स्वरांबद्दलची ही तक्रार आपल्याकडे जुनी आहे. सरावात मात्र तंबोरा बंद ठेवा आणि कीबोर्डवरच खालचा डी धरून वाजवा. नाहीतर कान ट्रायडऐवजी श्रुतीकडे लागतो आणि तास संपतो. रिषभ वगळल्यामुळे ही जोडी बागेश्रीकडेही झुकू बघते. तसं झालं की गट मोडू नका. तीन स्वर एफचे, तीन जीचे हा क्रम घट्ट धरला की झुकाव आपोआप थांबतो.

कोणी काय घ्यावं

कीबोर्ड वाजवत असाल तर विचार करत बसू नका, जोडीच घ्या. गिटारवरही तेच, तीन शेजारच्या तारांवर ट्रायडचे आकार समोर दिसतात आणि जी एफपासून फक्त दोन फ्रेट वर असते. सतार किंवा व्हायोलिनवरून येणाऱ्यांनी थोडं थांबावं. तुमची ताकद मींडेत आहे आणि ट्रायडच्या उड्यांत ती सगळी बाहेर राहते. तुम्हाला पेंटाटॉनिकमध्ये आपला आवाज लवकर सापडेल.

ज्यांना कॉर्डचे स्वर अजून शोधावे लागतात, एफ मायनर म्हटल्यावर बोटं थांबतात, त्यांनी या तिन्हींपैकी काहीच सुरू करू नये. आधी टू-फाइव्ह-वनच्या कॉर्ड सुट्या स्वरांत वाजवा, बाराही पट्ट्यांत. हे कंटाळवाणं काम आहे आणि त्याला आडवाट नाही.

बँडमधल्या क्लॅरोनेट आणि सॅक्सोफोनवाल्यांना मी पेंटाटॉनिकपासून सुरुवात करायला सांगेन. तालमीला वेळ कमी, श्वास सांभाळायचा, आणि क्लॅरोनेटवर मधल्या सप्तकाच्या सांध्यावरून ट्रायडच्या उड्या मारणं सुरुवातीला जिकिरीचं जातं. पाच-सहा पट्ट्यांत भूप आणि धानीचे आकार मोकळे झाले की मग फक्त कोमल गंधार आणि मध्यमाची जोडी घ्या, तीही एकाच कॉर्डवर. पट्टीचा घोळ टाळायचा असेल तर इथेही सरगमच धरा. बी फ्लॅट क्लॅरोनेटवर कीबोर्डचा डी वाजवायला ई-ची बोटं लागतात, ई फ्लॅटच्या अल्टो सॅक्सोफोनवर बी-ची. पण तो सा ठरवून घेतलात की जोडी दोघांसाठी एकच राहते.