स्लो कुकरमधले खिम्याचे गोळे: तांदूळ आत, रश्श्यात की वेगळा?

स्लो कुकरमध्ये, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात, खिमा सहसा बिघडत नाही, बिघडतो तो तांदूळ. एकतर कणी कच्ची राहते, नाहीतर लगदा होतो. म्हणून तांदूळ कुठे आणि कधी घालायचा, हे आधी ठरवा.

प्रमाण सगळीकडे तेच धरू: 500 ग्रॅम खिमा, एक बारीक चिरलेला कांदा, एक अंडं, छोटा चमचाभर मीठ. खिम्यात 15 ते 20 टक्के चरबी हवी. अगदी बिनचरबीचा खिमा तासन्‌तास शिजून कोरडा लागतो. मिश्रण एकजीव झालं की हात थांबवा. कणकेसारखं मळलंत तर गोळे रबरासारखे होतात.

कच्चा तांदूळ गोळ्यातच. 80 ग्रॅम तांदूळ अर्धा तास भिजवून, पूर्ण निथळून खिम्यात घालायचा. साधारण 35 ग्रॅमचे वीसेक गोळे होतात. दाबून घट्ट वळू नका, तांदूळ फुगायला जागा लागते. रस्सा 800 मिली घ्या आणि कुकरमध्ये ओतण्याआधी उकळून घ्या. कुकरच्या 'हाय'वर (जास्त आचेवर) साडेतीन-चार तास, 'लो'वर (कमी आचेवर) सहा-सात. उकडा तांदूळ इथे सगळ्यात भरवशाचा. बासमती बाहेरून फुटते.

तक्रार बहुधा एकच येते: वरच्या गोळ्यांमधला तांदूळ कडक राहिला. कारण ते रश्श्याबाहेर होते. तांदळाला नुसती वाफ पुरत नाही, गोळे बुडालेलेच हवेत. दुसरं कारण टोमॅटो. आंबट रश्श्यात तांदूळ उशिरा मऊ होतो, म्हणून निव्वळ टोमॅटोच्या प्युरीऐवजी निम्मी प्युरी, निम्मं पाणी घ्या. आणि झाकण उघडून डोकावू नका. एकदा उघडलं की गेलेली उष्णता भरून यायला वीस-तीस मिनिटं जातात.

शिजलेला भात गोळ्यात. गार, मोकळा भात 150 ग्रॅम घ्या. रस्सा 600 मिली पुरतो. कणी कच्ची राहायचा प्रश्नच नाही आणि 'हाय'वर अडीच-तीन तासांत काम होतं. पण हे गोळे नाजूक असतात. आधी तव्यावर सगळीकडून परतून घेतले तर आकार टिकतो, शिवाय रश्श्यात कधीच न येणारी खरपूस चव मिळते. दिवसभर 'लो'वर ठेवायचे असतील तर हा प्रकार नको, आतला भात विरघळतो.

तांदूळ रश्श्यात. एकाच भांड्यात सगळं जेवण म्हणून मोह होतो, पण चारही पद्धतींत हीच सर्वात बेभरवशाची. सुरुवातीलाच घातला तर खळ होते. गोळे शिजल्यावर, शेवटच्या तासात, 'हाय'वर 200 ग्रॅम तांदूळ आणि 400 मिली उकळतं पाणी घालावं लागतं. बऱ्याच कुकरांत आच भिंतींतून येते, त्यामुळे कडेचा तांदूळ चिकटतो. ढवळावं तर गोळे फुटतात.

भात वेगळा. पाहुणे येणार असतील किंवा मोकळं शीत हवं असेल तर हेच करा. तांदळाऐवजी 40 ग्रॅम ब्रेडचा चुरा घाला. मात्र स्लो कुकरमध्ये पाणी फारसं आटत नाही आणि रस्सा दाट करायला तांदूळही नाही, म्हणून 500 मिलीच रस्सा घ्या.

सकाळी लावून संध्याकाळी जेवायचं असेल तर आमचं मत कच्च्या उकड्या तांदळाच्या बाजूने. घरी असाल आणि कालचा भात उरला असेल तर दुसरी पद्धत. तो भात मात्र शिजल्यावर लगेच फ्रिजमध्ये गेलेला असावा. तासन्‌तास बाहेर राहिलेला असेल तर वापरू नका.

कुठलीही पद्धत असो, गोठलेला खिमा थेट कुकरमध्ये घालायचा नाही. तो तापायला फार वेळ घेतो आणि तेवढ्यात जंतू वाढतात. थर्मामीटर गोळ्याच्या मध्यात खुपसून बघा: मटण-बीफला 71 अंश सेल्सिअस, चिकनला 74.

उरलेल्या गोळ्यांतला तांदूळ फ्रिजमध्येही रस्सा पीत राहतो. दुसऱ्या दिवशी अर्धी वाटी गरम पाणी घालून गॅसवर उकळा. स्लो कुकरमध्ये परत गरम करत बसू नका.