मालवणची एक डुबकी की पूर्ण कोर्स?

दिवाळी झाली आणि कोकणकन्येचं वेटिंग वाढायला लागलं की ऑफिसात कुणीतरी विचारतंच, "मालवणला स्कूबा करून येऊ, की पैसे साठवून अंदमानला कोर्सच करू?" मुंबईच्या गढूळ पाण्यात हा प्रकार होत नाही, त्यामुळे सुट्टी टाकावी लागतेच. मी दोन्ही केलंय, आधी मालवण, मग तीन वर्षांनी अंदमान. मासे, पाणी, खर्च सगळ्यातच फरक आहे. पण मला जाणवला तो असा, की मालवणात तुमची हवा दुसऱ्याच्या हातात असते आणि कोर्स केल्यावर तुमच्या.

मालवणात होडी सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ थांबते. पोहता येत नसलं तरी चालतं. दहा-पंधरा मिनिटं खुणा शिकवतात आणि पाठीवर सिलिंडर चढवून खाली नेतात. इन्स्ट्रक्टर मागून सिलिंडर धरूनच असतो. कुठलं बटण दाबायचं हे तुम्हाला कळतही नाही, कळायची गरजही नसते. खुणांमध्ये अंगठा वर म्हणजे "वर चला". मी पहिला पोपटमासा बघून उत्साहात अंगठा दाखवला, आणि त्या भल्या माणसाने मला मुकाट्याने वर आणून सोडलं.

पाणी किती स्वच्छ मिळेल हे नशिबावर. थंडीत बरं असतं, पावसाळ्यात सगळं बंद. बिस्किटाचा चुरा टाकून मासे गोळा करतात आणि फोटो काढतात, ते मला आवडलं नाही. पण पहिला श्वास पाण्याखाली घेतला, फुगे कानाजवळून खडखडत वर गेले, तेव्हा अंगावर काटा आला हेही खरं.

आता त्याच दिवसाची दुसरी बाजू. मला सर्दी होती आणि मी तसं सांगितलंही. "काय होवचा नाय," असं उत्तर आलं. तब्येतीचा फॉर्म होडीतच हातात दिला आणि सगळीकडे "नाही" लिहायला सांगितलं. तीन-चार मीटरवर कानात सुई टोचल्यासारखं झालं. वर आलो तर मास्कमध्ये रक्ताचा थेंब. पुढे दोन आठवडे डाव्या कानाला दडे. चूक अर्धी माझीच. सर्दीत नाक दाबून फुंकलं तरी कानातला दाब सुटत नाही, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

कोर्समध्ये हेच आधी शिकवतात. ओपन वॉटर, म्हणजे स्कूबाचा प्राथमिक कोर्स, तीन-चार दिवसांचा असतो. त्यात थिअरी, उथळ पाण्यातला सराव आणि समुद्रात चार डाइव्ह असतात. 200 मीटर पोहून दाखवावं लागतं. पुढे 18 मीटरपर्यंत जायची परवानगी मिळते. सगळ्यात नकोसा धडा म्हणजे मास्क पाण्याने भरायचा आणि नाकाने फुंकून रिकामा करायचा. पहिल्या खेपेला मी घाबरून उभाच राहिलो. चौथ्यांदा जमलं.

धोका समजून घ्यायला एकच हिशोब पुरतो. दहा मीटर खाली दाब दुप्पट होतो. तिथे छातीभर घेतलेला श्वास रोखून वर आलात, तर ती हवा फुगून दुप्पट व्हायला बघते आणि फुप्फुस फाटू शकतं. जेमतेम दीड मीटरवरूनही हे होतं. म्हणून श्वास कधीच रोखायचा नाही, मालवणातसुद्धा. जास्त खोल, जास्त वेळ राहून भरकन वर आलात तर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. म्हणून सावकाश यायचं आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. दमा, हृदयविकार असेल तर आधी डॉक्टर. गर्भारपणात डाइव्ह नकोच. चाळिशीपुढच्यांनी बीपी तपासून घेतलेलं बरं.

विमानाचा नियमही या बुडबुड्यांमुळेच, आणि तो लोक हमखास विसरतात. एक डाइव्ह केली असेल तर किमान 12 तास, अनेक केल्या असतील तर 18 तास उडायचं नाही. अंदमानात शेवटचा दिवस कोरडाच ठेवावा लागतो. मालवणहून रेल्वेने परतणाऱ्यांना याची चिंता नाही, पण डुबकी मारून लगेच गाडीने आंबोली घाट चढणार असाल तर उंचीचा तोच हिशोब तिथेही लागतो.

मालवणचा खर्च एका चांगल्या जेवणावळीइतका. अंदमानच्या कोर्सचे साधारण तीसेक हजार, विमान आणि राहणं वेगळं. मुंबईत थिअरी आणि पूलचा सराव उरकून समुद्रातल्या चार डाइव्ह बाहेर करायची सोय काही ठिकाणी आहे. रजा कमी असेल तर ती विचारा.

परवा विचारणाऱ्या सहकाऱ्याला मी मालवणच सुचवलं. त्याला पोहता येत नाही आणि पाण्याची थोडी भीतीही आहे. कोर्सच्या पैशांनी ती जाणार नाही. तिकीट काढण्याआधी तिथल्या लोकांना फोन करून दोन गोष्टी विचारायला सांगितल्या, एका इन्स्ट्रक्टरकडे एकाच वेळी किती जण, आणि होडीत आणीबाणीसाठी ऑक्सिजन आहे का. दुसऱ्या प्रश्नावर समोरचा हसला, तर दुसरा नंबर फिरवायचा. त्याच्या बायकोला मात्र कोर्सच करायचाय, ती शाळेत असल्यापासून पोहते. तो म्हणाला, मग मी किनाऱ्यावर बसून सोलकढी पितो.